नऊ महिन्यांची बंदी सतरा महिने कशी चालली

५ मार्च २०२४ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने टेनिसपटू सिमोना हालेपच्या प्रकरणाचा निकाल दिला. उत्तेजक सेवनासाठी तिच्यावर लादलेली ४ वर्षांची बंदी कमी करून ९ महिन्यांवर आणली. बंदी मोजायची ७ ऑक्टोबर २०२२ पासून, म्हणजे ती संपते ६ जुलै २०२३ ला. आता कॅलेंडर काढून बघा. निकाल हातात पडला तेव्हा शिक्षा संपून आठ महिने होत आले होते! या आठ महिन्यांत हालेप एकही सामना खेळली नव्हती, कारण तिला खेळायची परवानगीच नव्हती.

नऊ महिन्यांची शिक्षा झालेला माणूस सतरा महिने आत राहिला तर आपण त्याला अन्याय म्हणू. इथे मात्र सगळं नियमानुसारच झालं. उत्तेजकांच्या बातम्यांत आपल्याला साधारण दोनच गोष्टी कळतात: कोण सापडलं आणि किती वर्षं बसलं. खेळाडू परत येतो तेव्हा तिसरी बातमी येते, ‘दमदार पुनरागमन’ किंवा ‘निराशाजनक पुनरागमन’. या तिन्हींच्या मध्ये जे घडतं त्यावर पुनरागमनाचं निम्मं भवितव्य ठरून गेलेलं असतं. ते मधलंच जरा उलगडून बघू.

हालेप ही रुमानियातल्या काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्सा शहराची. २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ चं विम्बल्डन तिच्या नावावर आहे. विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्यात तिनं सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ असं अवघ्या ५६ मिनिटांत गुंडाळलं होतं. एकूण ६४ आठवडे ती जगात पहिली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये टोरंटोची मोठी स्पर्धा जिंकून ती अमेरिकन ओपनला आली आणि पहिल्याच फेरीत पात्रता फेरीतून वर आलेल्या युक्रेनच्या दारिया स्निगुरकडून हरली. तारीख २९ ऑगस्ट. हरल्यावर खेळाडू बॅग उचलून हॉटेल गाठतो असं आपल्याला वाटतं, पण चाचणी विजेत्यांचीच होते असं नाही.

बाटली ‘अ’, बाटली ‘ब’

सामना संपला की एक व्यक्ती येऊन सांगते, तुमची चाचणी आहे. तिथून पुढे ती सावलीसारखी मागे लागते. मसाज, पत्रकार परिषद, कुठंही जा, ती बरोबरच. लघवीसाठीचं भांडं खेळाडूनं स्वतः निवडायचं आणि नमुना देताना अधिकारी समोर उभा राहून बघणार. लाजायची सोय नाही. किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो. दोन-तीन तास घाम गाळलेल्या शरीरातून तेवढं निघायला कधीकधी आणखी तासभर पाणी पीत बसावं लागतं. मग खेळाडूनं आपल्याच हातानं ते ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत ओतायचं आणि झाकणं आवळायची. ही झाकणं एकदा बसली की फोडल्याशिवाय निघत नाहीत. ‘अ’ मध्ये काही सापडलं तर खेळाडू ‘ब’ तपासायची मागणी करू शकतो. शेवटी एक फॉर्म भरायचा असतो: गेल्या सात दिवसांत कोणकोणती औषधं घेतली? हा फॉर्म लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

हालेपच्या नमुन्यात रॉक्साडुस्टॅट सापडलं. हे मूत्रपिंडाच्या रुग्णांचं औषध. मूत्रपिंड बिघडलं की रक्त कमी होतं, कारण ‘तांबड्या पेशी बनव’ असा निरोप देणारं संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं. रॉक्साडुस्टॅट शरीराला चकवतं. आपण समुद्रसपाटीवर मजेत बसलेलो असतो आणि पेशींना वाटतं की आपण लेहला आहोत, हवा विरळ आहे, प्राणवायू पुरत नाही. मग त्या घाईघाईनं संप्रेरक सोडतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. पेशींना प्राणवायूची ही चाहूल कशी लागते, या शोधालाच २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. रुग्णाला यामुळे जिना चढता येतो. टेनिसपटूला तिसऱ्या सेटमध्येही पहिल्या सेटसारखं पळता येईल, म्हणून ते निषिद्ध यादीत.

ही यादी काढते ‘वाडा’. नाव ऐकून शनिवारवाड्यापासून सगळे वाडे डोळ्यांपुढे येतात खरे, पण ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये बसते. दरवर्षी १ जानेवारीला नवी यादी लागू होते. टेनिसमधली प्रकरणं बघायला वेगळी संस्था आहे, तिचा निर्णय पटला नाही तर लोझानचा लवाद. त्याच्या वर जायला वाट जवळपास नाहीच.

सिद्ध कोणी करायचं?

आपल्याकडच्या फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. उत्तेजकांच्या कायद्यात एक पायरी सोडूनच सुरुवात होते. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडलं, की नियम मोडला. कसं आलं, कोणी घातलं, मुद्दाम घेतलं का, हे प्रश्न नंतरचे, आणि त्यांची उत्तरं शोधायची खेळाडूनं, स्वतःच्या खर्चानं. रॉक्साडुस्टॅटसारख्या द्रव्याला सुरुवातीची शिक्षा ४ वर्षांची. ते द्रव्य नकळत शरीरात गेलं हे खेळाडूनं दाखवून दिलं तर ती उतरत जाते, २ वर्षं, वर्ष, काही महिने, आणि अगदी काहीच दोष नसेल तर शून्य.

ऐकायला हा नियम क्रूर वाटतो. पण उलटा करून बघा. ‘मुद्दाम घेतलं’ हे संस्थेनं सिद्ध करायचं ठरलं तर माणसाच्या मनातलं कसं सिद्ध करणार? प्रत्येक जण ‘कुणीतरी पाण्यात मिसळलं’ म्हणून मोकळा होईल. त्यामुळे नियमावर माझा फारसा राग नाही. राग आहे तो घड्याळावर.

हालेपनं सांगितलं की हे औषध आपण कधी पाहिलंही नाही. शोध घेता घेता बोट एका पूरक आहाराकडे गेलं. तिच्या प्रशिक्षकांच्या चमूनं सुचवलेलं कोलॅजनचं एक पूरक होतं. सांध्यांसाठी, त्वचेसाठी हल्ली पुष्कळ लोक घेतात तसलंच. तिचे तेव्हाचे प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांनी नंतर कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ते आमच्याकडून आलं, याची जबाबदारी मला वाटते. पहिल्या न्यायमंडळानं हे पूरक दूषित होतं हे मान्य केलं. पण नमुन्यात सापडलेलं प्रमाण तेवढ्या दूषित पुरकातून येणं शक्य नाही, असंही म्हटलं. शिवाय मे २०२३ मध्ये तिच्यावर दुसरा आरोप लागला होता.

हा दुसरा आरोप रक्ताच्या नोंदवहीचा. प्रत्येक अव्वल खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं अधूनमधून तपासून त्याचा एक आलेख ठेवतात, ‘जैविक पारपत्र’. डॉक्टर आपली जुनी रिपोर्टं मागतात ना, ‘मागच्या वेळी हिमोग्लोबिन किती होतं?’ म्हणून, तसंच. द्रव्य सापडलं नाही तरी आलेखात अनैसर्गिक चढउतार दिसले तर तोही गुन्हा. हालेपचे ५१ नमुने तज्ज्ञांनी पाहिले आणि त्यांना संशय आला. दोन्ही आरोप धरून सप्टेंबर २०२३ मध्ये ४ वर्षांची बंदी झाली. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. ही शिक्षा पूर्ण भोगली असती तर परत येताना पस्तिशी उलटलेली असती.

लोझानला पारडं फिरलं. इथे दोन वेगवेगळे तराजू आहेत. द्रव्य दूषित पुरकातून आलं, हे हालेपला फक्त ‘तसं असण्याची शक्यता जास्त’ इतपत दाखवायचं होतं, काटा मध्यावरून जरासा सरकला की पुरे. तो तिनं सरकवला. रक्ताच्या आरोपाचं ओझं मात्र समोरच्या बाजूवर होतं आणि त्यांचा तराजू जड: लवादाची ‘समाधानकारक खात्री’ पटली पाहिजे. ती पटली नाही. उरलं काय, तर पूरक घेताना पुरेशी काळजी घेतली नाही एवढा दोष. त्याचे ९ महिने.

तलावात पाव गोळी

आता हेच दुसऱ्या टोकाकडून बघा. १२ ऑगस्ट २०२४ ला पोलंडच्या इगा श्विऑनटेकच्या नमुन्यात ट्रिमेटाझिडिन सापडलं. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडणाऱ्या रुग्णांचं हे औषध, आपल्याकडच्या मेडिकलातही मिळतं. सापडलेलं प्रमाण होतं एका मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. ऑलिम्पिकच्या जलतरण तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी असतं. त्यात सव्वाशे मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेच्या गोळीचा चौथा तुकडा विरघळवला तर पाण्यात जेवढं औषध येईल तेवढं हे. यंत्रं आता इतकं बारीक बघतात! वीस वर्षांपूर्वीची यंत्रं असती तर बहुधा नमुना ‘स्वच्छ’ म्हणून गेला असता.

श्विऑनटेकचं द्रव्य आलं झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनमधून. पोलंडमध्ये ते रीतसर औषध म्हणून विकलं जातं. तिच्या वकिलांनी झपाट्यानं त्याच खेपेच्या बंद डब्या मिळवून तपासून घेतल्या आणि तात्पुरती बंदी २२ दिवसांत उठवून घेतली. शेवटी शिक्षा एक महिन्याची, त्यातले २२ दिवस आधीच भोगलेले, उरलेले ८ दिवस हंगाम संपल्यावर. जगाला हे कळलं नोव्हेंबरच्या अखेरीस. तोवर तिनं आशियातल्या स्पर्धा सोडल्या त्या ‘वैयक्तिक कारणां’साठी, असंच सगळे समजत होते.

इटलीच्या यानिक सिन्नेरचं प्रकरणही असंच. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबोल सापडलं, तेही पिकोग्रॅममध्येच. फिजिओचं बोट कापलं होतं, त्यानं जखमेवर इटलीत सहज मिळणारा फवारा मारला आणि हातमोजे न घालता सिन्नेरला मालिश केली. द्रव्य कातडीतून गेलं. सिन्नेरकडे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं, त्यामुळे तात्पुरती बंदी लागली तशी काही दिवसांतच उठली आणि तो खेळतच राहिला. न्यायमंडळानं निर्दोष ठरवलं, वाडानं लोझानला अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड झाली: तीन महिने, ९ फेब्रुवारी ते ४ मे. ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून झाली होती, फ्रेंच ओपन अजून यायची होती. एकही ग्रँड स्लॅम चुकली नाही आणि परत आला तेव्हाही तो अव्वल क्रमांकावरच होता. रोममध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे.

२०२५ च्या विम्बल्डनचे एकेरीतले दोन्ही विजेते हेच, सिन्नेर आणि श्विऑनटेक.

हालेपनं श्विऑनटेकची बातमी आल्यावर जाहीरपणे विचारलं की दोघींच्या वागणुकीत एवढा फरक का. तिचा संताप समजण्यासारखा आहे. तिच्या विरोधात दोन आरोप होते, द्रव्य वेगळं होतं, पुरावा गुंतागुंतीचा होता, हे सगळं खरं. पण आणखी एक गोष्ट आहे, ती नियमात लिहिलेली नाही. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दूषित डबी कुठली ते सापडलं तर खेळाडू खेळत राहतो. सापडलं नाही तर तात्पुरती बंदी चालू राहते, सुनावण्या लांबतात आणि ‘तात्पुरती’ हा शब्द हळूहळू हास्यास्पद होत जातो. हालेपची तात्पुरती बंदी निकालाआधीच अकरा महिने चालली होती. पुढे ९ महिन्यांचीच शिक्षा योग्य होती असं ठरलं, पण तोवर वेळ जाऊन चुकला होता. पैशाचा दंड जास्त भरला तर परत मिळतो. इथे परत करायला काही नसतं.

या सतरा महिन्यांत पाच ग्रँड स्लॅम होऊन गेल्या.

बंदी संपते त्या सकाळी

बंदीत खेळाडू करतो काय? आपल्याला वाटतं, सामने नसतील, सराव तर चालू असेल. तोही मोकळेपणानं नाही. मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेल्या क्लबवर, अकादमीत सराव करता येत नाही. शेवटचा एक चतुर्थांश काळ किंवा शेवटचे दोन महिने, यातलं जे कमी असेल तेवढ्यातच तिथलं दार उघडतं. म्हणून खाजगी कोर्ट शोधायचं, सरावाला जोडीदार शोधायचा. मात्र चाचण्या थांबत नाहीत! रोज कुठल्या एका तासात आपण कुठे सापडू हे आधी कळवून ठेवायचं, आणि अधिकारी पहाटे दारात आला तर बाटली भरून द्यायची. खेळायची मनाई, तपासणीला सुट्टी नाही.

परतीचा दिवस कसा असतो त्याचं सगळ्यात चांगलं चित्र रशियाच्या टेनिसपटू मारिया शारापोव्हाचं आहे. तिचं प्रकरण मुळात वेगळं. तिनं काय घेतलं हे तिला पक्कं माहीत होतं: मिल्ड्रोनेट, हृदयासाठीचं लॅटव्हियन औषध, २००६ पासून डॉक्टरच्या सल्ल्यानं. त्यातलं मेल्डोनियम वाडानं १ जानेवारी २०१६ पासून निषिद्ध केलं. यादी बदलल्याचं तिनं वाचलं नाही. यादी तपासायचं काम तिच्या एजंटकडे होतं. तो दरवर्षी सुट्टीवर जाताना ती बरोबर नेऊन वाचायचा, आणि त्या वर्षी त्याची सुट्टीच झाली नाही. कोट्यवधी डॉलरचा व्यवसाय आणि निषिद्ध यादी वाचायची वेळ एजंटच्या सहलीवर अवलंबून! सुनावणीत ही हकीकत मांडली गेली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं म्हणायचं की आणखी कशाचं, कळत नाही. आणि तो फॉर्म आठवतो? गेल्या सात दिवसांतल्या औषधांचा? त्यावर तिनं मिल्ड्रोनेट लिहिलेलं नव्हतं. हा मुद्दा तिच्या अंगलट आला. आधी २ वर्षं, मग लोझाननं ती १५ महिन्यांवर आणली.

१५ महिने संपले २५ एप्रिल २०१७ च्या रात्री. जर्मनीत स्टुटगार्टची स्पर्धा सोमवारपासून चालू होती. बंदी असलेल्या खेळाडूला स्पर्धेच्या आवारात पाऊलही ठेवता येत नाही, म्हणून मंगळवारी ती आत येऊ शकत नव्हती. संयोजकांनी तिचा पहिला सामना बुधवारवर ठेवला. बुधवारी सकाळी ती आत आली, सराव केला, संध्याकाळी इटलीच्या रॉबर्टा विंचीला ७-५, ६-३ असं हरवलं. त्या स्पर्धेचा प्रायोजक जो मोटार कारखाना होता, शारापोव्हा त्याच कारखान्याची जाहिरात करत असे. बाकीच्या खेळाडूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या यामुळेच.

पण ती त्या स्पर्धेत शिरली कशी? टेनिसची क्रमवारी चालती असते, गेल्या ५२ आठवड्यांतले गुण फक्त धरले जातात. प्रत्येक आठवड्याला वर्षापूर्वीचे गुण गळून पडतात. वर्षभर खेळला नाहीत की तुमची पाटी कोरी, मग तुम्ही पाच ग्रँड स्लॅम जिंकलेल्या असा किंवा काल रॅकेट धरलेली असो. दुखापत किंवा बाळंतपणानंतर परतणाऱ्यांसाठी जुनी क्रमवारी काही स्पर्धांपुरती वापरायची सोय आहे. बंदीवरून येणाऱ्यांना ती नाही. मग दोनच वाटा: तळातल्या छोट्या स्पर्धांतून गुण गोळा करत वर चढायचं, नाहीतर वाइल्ड कार्ड. ग्रँड स्लॅमच्या १२८ जागांपैकी ८ जागा संयोजकांच्या मर्जीवर असतात, बाकी स्पर्धांतही थोड्याफार. लग्नात यजमानानं स्वतःसाठी राखून ठेवलेल्या पहिल्या पंगतीतल्या चार पानांसारखं हे. कोणाला बसवायचं हा त्याचा प्रश्न, आणि ज्याला पान मिळालं नाही तो आयुष्यभर लक्षात ठेवतो.

फ्रेंच टेनिस महासंघानं १६ मे २०१७ ला शारापोव्हाला फ्रेंच ओपनसाठी असं पान वाढायला नकार दिला. अध्यक्ष बर्नार्ड ज्युडिसेली यांनी सांगितलेलं कारण सरळ होतं: दुखापतीतून येणाऱ्याला वाइल्ड कार्ड देता येईल, उत्तेजकांच्या बंदीतून येणाऱ्याला नाही. मला हे कारण पटतं आणि पटतही नाही. शिक्षा भोगून झाली असेल तर वर आणखी शिक्षा कशाची? दुसरीकडे, वाइल्ड कार्ड हा कोणाचा हक्कही नाही. त्याच दिवशी रोममध्ये तिची मांडी दुखावली, आणि दोन्ही बातम्या एकाच संध्याकाळी आल्या.

अमेरिकन ओपननं मात्र तिला वाइल्ड कार्ड दिलं आणि थेट मुख्य स्टेडियमवर, रात्रीच्या सत्रात उतरवलं. २८ ऑगस्ट २०१७. काळा, चमचमते खडे लावलेला पोशाख, क्रमवारी १४६. समोर जगात दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू. शारापोव्हानं ६-४, ४-६, ६-३ असा सामना जिंकला आणि गुडघ्यांवर बसून रडली.

समोरची दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू होती सिमोना हालेप. पहिल्याच फेरीत घरी गेली. बंदीवरून आलेल्या वाइल्ड कार्डचा फटका कसा बसतो हे तिनं जाळीच्या पलीकडून अनुभवलं होतं. बरोबर पाच वर्षं आणि एक दिवसानंतर, त्याच स्पर्धेत, तिच्या नमुन्याची ती बाटली भरली गेली.

वय

शारापोव्हाचं पुढे काय झालं? ऑक्टोबर २०१७ मध्ये चीनमधल्या तियानजिनची स्पर्धा तिनं जिंकली, अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या आर्यना सबालेन्काला हरवून. तेच तिचं शेवटचं विजेतेपद. मग खांद्यानं दगा दिला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिनं रॅकेट ठेवली. परत आली तेव्हा ती ३० वर्षांची होती.

याच्या उलट क्रोएशियाचा मारिन चिलिच. २०१३ मध्ये त्याच्या आईनं औषधाच्या दुकानातून ग्लुकोजच्या गोळ्या आणल्या, त्यात निकेथमाइड होतं. निकेथमाइड म्हणजे कोरामिन! आपल्याकडे जुन्या डॉक्टरांच्या बॅगेत, रुग्ण अत्यवस्थ झाला की द्यायचं म्हणून असायचं तेच. ९ महिन्यांची बंदी लवादानं ४ महिन्यांवर आणली, तो लगेच परतला आणि २०१४ ची अमेरिकन ओपन जिंकला. वय २५. २०१८ च्या जानेवारीत पुण्यातल्या बालेवाडीला महाराष्ट्र ओपनमध्ये तो अव्वल मानांकित म्हणून खेळला. बालेवाडीच्या त्या गर्दीत किती जणांना ही ग्लुकोजची गोष्ट आठवली असेल? बहुतेक कुणालाच नाही. आपल्याकडे मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉसुद्धा २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्बुटालिनमुळे ८ महिने बसला होता, तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

पंचविशीत काही महिने गेले तर पाय तेवढेच पळतात. तिशीनंतर गुडघा आणि खांदा रोजच्या सामन्यांच्या तेलावर चालत असतात. ते तेल दीड वर्षं बंद झालं की गंज चढतो. हालेपची गंमत म्हणजे तिचा सगळा खेळच पळण्यावर उभा होता. सर्व्हिसवर फुकटचे गुण काढणारी ती कधीच नव्हती.

निकालानंतर चौदा दिवसांनी, १९ मार्च २०२४ ला, ती मायामीत उतरली. वाइल्ड कार्डवर. आधी डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकी म्हणाली होती की उत्तेजकांच्या बंदीवरून येणाऱ्यांना वाइल्ड कार्ड देऊ नये. २०१७ मध्ये शारापोव्हाला मोठं कोर्ट मिळालं तेव्हाही वोझ्नियाकीच बोलली होती, म्हणजे तिनं आपली भूमिका बदललेली नाही, हे खरं. ती स्वतः बाळंतपणानंतर वाइल्ड कार्डवर खेळत होती, हेही खरं. हालेपचं उत्तर एवढंच होतं की मी फसवणूक केलेली नाही.

समोर पॉला बडोसा. पहिला सेट हालेपनं ६-१ असा घेतला. अठरा महिन्यांनी सामना खेळतेय यावर विश्वास बसू नये असा. पुढचे दोन सेट ४-६, ३-६. पहिल्या सेटमध्ये पोचणारे पाय तिसऱ्यात पोचत नव्हते.

त्यानंतर ती मोजक्याच स्पर्धा खेळली. गुडघा, मग खांदा. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीसाठी वाइल्ड कार्ड मिळालेलं होतं, दुखण्यामुळे तेही सोडावं लागलं. ४ फेब्रुवारी २०२५ ला रुमानियातल्याच क्लुज शहरात ती पहिल्या फेरीत लुचिया ब्रोंझेट्टीकडून ६-१, ६-१ अशी हरली. मग कोर्टवरच माइक हातात घेतला आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगितलं की आता थांबते. दुःख आहे की आनंद, कळत नाही, बहुधा दोन्ही आहे, असं काहीसं ती म्हणाली. वय ३३, क्रमवारी ८७०. या स्पर्धेतही ती वाइल्ड कार्डवरच आली होती.